गुरूच्या काट्याखालचे ठोकळे

४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

काल मला तुझा जबाब वाचून दाखवला. तीन पानं. चौकशी अधिकाऱ्यांनी चष्मा पुसून सावकाश वाचला. मी प्रत्येक वाक्याला वाट बघत होते, की आता तू 'माझी बहीण' म्हणशील, निदान 'ताई' तरी. तू मला 'कार्यशाळा' म्हटलंयस. "ठोकळे काढण्याचा निर्णय कार्यशाळेने परस्पर घेतला. मला त्याची कल्पना नव्हती." आधी मला हसूच आलं. आपल्या तारांगणाची कार्यशाळा म्हणजे कोण गं? मी, सुतारकाका आणि एक करवत. सुतारकाका महिनाभर रजेवर होते, करवतीला बोलता येत नाही. राहिलं कोण?

फोन तू उचलत नाहीस. दर रविवारी आईला करतेस, आणि मी तिच्या हातातून घेतला की बंद होतो. दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी हात पुढे केलाच नाही. म्हणून हे पत्र. तुझ्या नव्या नोकरीच्या, त्या दुसऱ्या तारांगणाच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण तुझ्या नव्या घराचा पत्ता मला माहीत नाही. आईला माहीत आहे, पण तिला विचारलं तर ती विचारेल का, आणि मग मला सांगावं लागेल. तिला वाटतंय मी सुट्टीवर आहे. मला निलंबित केलंय हे तिला सांगितलेलं नाही.

गुरूच्या काट्यावर पडलेल्या मुख्याध्यापिकाबाईंना इस्पितळात भेटून आले. तू गेली नाहीस, फूलही पाठवलं नाहीस. खुब्याचं हाड मोडलंय, शस्त्रक्रिया नीट झाली, तीन महिने चालायचं नाही. मी पलंगाजवळ शाळेतल्या मुलीसारखी हात मागे बांधून उभी होते. त्या म्हणाल्या, "अहो, बसा. त्या ग्रहानं पाडलं मला, पण समजला मात्र चांगला. खाली काही नाहीच, नाही का?" मला तिथेच रडू फुटलं. आजारी माणसाने माझी समजूत काढायची, अशी वेळ आली.

कसं झालं ते तुझ्या जबाबात बरोबर आहे. आठ ग्रहांचे आठ वजनकाटे, चढलं की त्या ग्रहावर आपलं वजन किती ते दिसतं. गुरूच्या काट्याची फळी हवेच्या पिशवीवर आहे, ती हळूहळू खाली जाते. बाई चढल्या, फळी बुडायला लागली, त्या दचकून कडेला सरकल्या, फळी कलंडली आणि पाय चौकटीत अडकला. खाली ठोकळे असते तर ती कलंडली नसती. ते मी काढले. हे मी पहिल्या दिवशीच सांगितलंय.

काढायला कोणी सांगितलं, एवढंच मी सांगितलेलं नाही. मला वाटलं, ते तू सांगशील.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

भिंगरी,

उत्तर नाही. बरं.

आज कपाट आवरताना गुरूचा पहिला नमुना सापडला, तो फाटका चेंडू. आठवतो का? तू वरच्या मजल्यावरून धावत आलीस, चेंडू हातात घेतलास आणि म्हणालीस, "ताई, हा गोल आहे."

"मग काय चौकोनी करू?"

"चपटा कर. हा दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. एवढं मोठं धूड इतक्या जोरात फिरल्यावर पोट सुटणारच."

मी चपटा केला. सुतारकाकांनी कंपास लावून मोजला आणि दिवसभर माझी चेष्टा केली, "बाई, तुमचा हात गेला आता, गोळा गोल येईना." मी त्यांना म्हटलं, वरच्या विदुषीचा हुकूम आहे. ती विदुषी म्हणजे तू, तारांगणाची निवेदिका. मी सातवीनंतर विज्ञानाच्या पुस्तकाला हात लावला नव्हता. मला सगळे ग्रह तू शिकवलेस, आणि ते मी कधी विसरणार नाही, तू कितीही कानांवर हात ठेवलेस तरी.

मग अर्धा कापलेला नमुना करायचा होता. पृथ्वी, मंगळ, शुक्र, बुध सोपे गेले. वर कवच, खाली खडक, मध्ये लोखंड, प्रत्येक थराला एक रेघ. गुरूला बसले तेव्हा तुला हाक मारली, "वायू कुठे संपतो आणि द्रव कुठे सुरू होतो? रेघ कुठे मारू?"

"मारायचीच नाही."

"म्हणजे?"

"संपतच नाही गं तो कुठे. आत जाशील तसा दाट होत जातो. दाट, आणखी दाट, आणि कधीतरी तो द्रव झालेला असतो. अमुक ठिकाणी झाला असं बोट ठेवता येत नाही. अगदी मध्ये जड काहीतरी आहे, पण तेही म्हणे विरघळल्यासारखं, कडा नसलेलं."

"मग बाहेरून रंग कशाला देऊ? गोळ्याला पृष्ठभाग लागतो."

"ढगांना दे," तू म्हणालीस.

अकरा दिवस मी फवाऱ्याने रंग मारत होते, एकही रेघ दिसू नये म्हणून. हे काम मी आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम आहे. तू ते बघून काही बोलली नाहीस, नुसती पायऱ्या चढून गेलीस. नंतर चिठ्ठी आली.

त्या चिठ्ठीबद्दलच लिहायचंय. तुला वाटत असेल, ती गेली. आपल्याकडची पद्धत तुला माहीत आहे, काम झालं की चिठ्ठी खिळ्यावर टोचायची आणि महिनाअखेर खिळा रिकामा करून सगळं जाळायचं. चौकशीवाल्यांनी खिळा पाहिला, रिकामा होता. पण ती एक चिठ्ठी मी काढून घेतली होती. पुरावा म्हणून नाही. तुझ्या हाताने तू माझ्याबद्दल असं काही पहिल्यांदाच लिहिलं होतंस, म्हणून.

तुला पाठ नसेल तर लिहिते: "ताई, तुझा गुरू बघून मला रडू आलं, म्हणून बोलले नाही. आता एकच. काट्याखालचे ठोकळे काढून टाक. फळी टेकली की ठक्क आवाज येतो आणि लोकांना वाटतं जमीन लागली. या ग्रहाला जमीनच नाही, सगळं दालन त्यासाठी केलंय आपण. उद्घाटनाआधी काढ. जबाबदारी माझी."

मध्ये खिळ्याचं भोक आहे. ते 'जमीनच' या शब्दावर पडलंय.

ही चिठ्ठी मी अजून कोणाला दाखवलेली नाही.

ताई

१९ फेब्रुवारी

भिंगरी,

सुनावणीची तारीख आली, दोन मार्च, सकाळी अकरा. मी दोषी ठरले तर नोकरी जाणार. बावीस वर्षांची नोकरी, आणि या वयात दुसरीकडे ग्रह कोण करून घेणार माझ्याकडून? दुकानांच्या पाट्या रंगवेन. ते चालेल एक वेळ. पण मी हलगर्जी आहे असं कागदावर लिहून मला बाहेर काढतील, ते मला सोसवणार नाही. माझ्या हातचा एक स्क्रू कधी सैल राहिलेला नाही.

म्हणजे, आजवर राहिला नव्हता. हे तुला सांगायलाच हवं, कारण तू एकटीच चुकलीस असं मी या पत्रांतून भासवतेय, आणि ते खरं नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ठोकळे काढल्यावर मी स्वतः काट्यावर चढले. मध्ये उभी राहिले तर फळी सरळ गेली. मग मी एक पाय थोडा बाजूला टाकला, आणि फळी किंचित झुकली. किंचितच, पण मला कळलं. ते मला तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. तेवढ्यात तू आलीस, चढलीस, खाली खाली जात राहिलीस आणि लहानपणी पाळण्यात ओरडायचीस तशी ओरडलीस, "ताई, टेकत नाही! टेकतच नाही गं!" मी म्हटलं, जाऊ दे, उद्या बघू. तुझ्या आनंदावर पाणी कोण ओतणार? उद्या संचालक, फोटो, भाषणं. परवा रांगा. मग राहूनच गेलं.

हे मी चौकशी समितीला सांगणार आहे. माझा वाटा माझा. पण तुझा वाटा मी का उचलू? तुझी त्या नव्या जागी निवड पक्की व्हायची होती, मला माहीत आहे. प्रमुख होणार होतीस. अशा वेळी हातून चूक झाली असं कोणालाच कबूल करवत नाही. तू मला येऊन म्हणाली असतीस ना, "ताई, माझं अंगाशी येतंय, तू सांभाळ," तर मी काय केलं असतं ते तुला ठाऊक आहे. लहानपणापासून तेच करत आले. तू विचारलं नाहीस. परस्पर माझ्या गळ्यात मारून निघून गेलीस, त्याचा राग आहे मला. केसानं गळा कापलास.

आई काल दालनाबद्दल विचारत होती. म्हणाली, "त्या गुरूवर पाणी सांडलं तर पुसायचं कुठे?" तुला सांगितलं की हसशील म्हणून लक्षात ठेवलं होतं. मग आठवलं, की आपण बोलत नाही.

चिठ्ठी मी दोन तारखेला समितीपुढे ठेवू शकते. ठेवली तर मी वाचेन, आणि तुझा जबाब खोटा ठरेल. जबाब खोटा दिला म्हणून तुझी नवी नोकरी जाईल. तू येऊन स्वतः बोललीस तर तसं होणार नाही, घाबरले होते म्हणालीस तर माणसं समजून घेतात. अकरा दिवस आहेत.

ताई

२४ फेब्रुवारी

माझी भिंगरी,

तुझं पोस्टकार्ड आलं. चार ओळी, पण तुझ्या अक्षरातल्या. "ताई, मी घाबरले होते. माझं चुकलं. चिठ्ठी मला पाठव, मी स्वतः समितीपुढे ठेवते. ती माझ्या हातून जाऊ दे." मी हे कार्ड किती वेळा वाचलं ते सांगत नाही, तू चिडवशील.

म्हणजे तू येणार. मला माहीत होतं. नाही, माहीत नव्हतं, खोटं कशाला लिहू, गेले तीन आठवडे मी तुला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. त्याबद्दल माफ कर.

चिठ्ठी सोबत ठेवलीय. तू म्हणतेस ते बरोबर आहे. मी दिली तर तू पकडली गेलीस असं होईल, आणि तू दिलीस तर तू कबूल केलंस असं होईल. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिथे काय बोलायचं याची फार काळजी करू नकोस. मी फळीचंही सांगणार आहे, म्हणजे ती झुकत होती हे मला आधी कळलं होतं ते. दोघींचा दोष निम्मा निम्मा झाला की कोणालाच काढता येत नाही, असं सुतारकाका म्हणतात. ते काही वकील नाहीत, पण मला पटलं.

अकराची सुनावणी आहे. साडेनऊच्या गाडीने आलीस तर आधी घरी ये. आई खूश होईल. आत्ता ती माझ्यासोबत पोस्टात यायला चपला घालून बसलीय, तुला पाठवायचं काहीतरी आहे एवढंच तिला सांगितलंय.

तुझी,
ताई

३ मार्च

बाई,

तू काल घरी आली नाहीस. थेट तिथे आलीस, राखाडी साडी, केस वर बांधलेले, हातात फाईल. मला वाटलं, फाईलमध्ये चिठ्ठी आहे. मी तुझ्याकडे बघून हसले. तू मान हलवलीस, अगदी ओळखीच्या बाईला हलवतात तशी.

आधी मला विचारलं. मी सगळं सांगितलं. फळी झुकल्याचं मला आदल्या दिवशी कळलं होतं, ते सांगितलं. समितीतल्या अभियंत्यांनी वही काढली आणि तेवढंच वाक्य लिहून घेतलं. मग मी म्हणाले, "ठोकळे काढायची लेखी सूचना मला वरून आली होती. ती चिठ्ठी निवेदिकाबाईंकडे आहे, त्या देतील."

चौकशी अधिकारी तुझ्याकडे वळले. "आहे का अशी चिठ्ठी?"

"नाही," तू म्हणालीस.

"तुम्ही लिहिली होती का कधी?"

"नाही. ताई मनाने फार चांगली आहे, पण तिला या सगळ्याचा खूप त्रास झालाय. तिला काही गोष्टी घडल्यासारख्या वाटतात."

इतका वेळ 'कार्यशाळा' होते. तिथे मात्र तुला 'ताई' आठवली.

मग त्यांनी तुला विचारलं, की अशी बुडती फळी मुळात कशाला हवी होती. आणि तू बोलायला लागलीस. गुरू इतर ग्रहांहून वेगळा कसा, हे इतकं सुंदर मी तुझ्याही तोंडून कधी ऐकलं नव्हतं. बाकी सगळे ग्रह एकत्र केले तरी त्याच्या निम्मेही भरत नाहीत, आणि तरी तो बनलाय सगळ्यात हलक्या वायूंचा. त्याचे पट्टे वेगवेगळ्या वेगाने फिरतात, कारण त्यांना एकत्र धरून ठेवणारी जमीन खाली नाही. तिथे पडणारा माणूस कशावर आपटत नाही, वरचा भार वाढत जातो आणि तो चिरडतो. संचालक मान डोलावत होते. चौकशी अधिकारी पेन ठेवून ऐकत होते. शेवटी तू म्हणालीस, "कल्पना शास्त्रीयदृष्ट्या अचूक होती. अंमलबजावणीत कार्यशाळेने सुरक्षिततेचा विचार करायला हवा होता."

मी उठून ओरडायला हवं होतं. पोस्टाची पावती दाखवायला हवी होती, पण पावतीवर पाकिटात काय होतं ते कुठे लिहिलेलं असतं? पोस्टकार्ड दाखवायला हवं होतं. ते मी बरोबर नेलं नव्हतं. बहीण येतेय म्हटल्यावर तिचं पत्र पुरावा म्हणून कोण नेतं? संध्याकाळी नेऊन दिलं. त्यांनी निकाल टंकलेला दाखवला. म्हणाले, कार्डात कसली चिठ्ठी ते लिहिलेलं नाही. खरंच नाही लिहिलेलं. तेव्हा लक्षात आलं, किती जपून लिहिलं होतंस.

नोकरी गेली. कारण: हलगर्जी.

बाहेर जिन्यात तू माझ्याजवळून गेलीस तेव्हा मी फक्त विचारलं, "कुठे आहे?" तू म्हणालीस, "ताई, आपण नंतर बोलू." मला नंतर नको आहे. जाळलीस की फाडलीस तेवढं सांग. त्या कागदाच्या वरच्या ओळीत माझ्या गुरूबद्दल लिहिलं होतं. ती तरी ठेवायचीस.

९ मार्च

हे शेवटचं. उत्तराची अपेक्षा नाही.

आईला काल सगळं सांगितलं. लपवणं शक्यच नव्हतं, माझी हत्यारं सुतारकाका खोक्यात घालून घरी घेऊन आले. ती खोक्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सुट्टीवर असलेल्या माणसाची हत्यारं घरी का येतात?" मी बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. ठोकळे, मुख्याध्यापिकाबाई, चिठ्ठी, पोस्ट, सुनावणी. तू काय म्हणालीस तेही. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. मला वाटलं, ती तुझी बाजू घेईल. नेहमी घेते, तू धाकटी म्हणून.

सांगून झाल्यावर तिने खोक्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मला तिने फोन केला होता."

"रविवारी ना? करतेच की."

"रविवारी नाही. आपण पोस्टात गेलो त्याच्या दोन दिवसांनी. मी घाबरले, म्हटलं आज मध्येच कसा, बरं नाही की काय. म्हणाली, बरी आहे. म्हणाली, आई, ताईने मला तो कागद पाठवला त्याची झेरॉक्स काढून ठेवलीय का गं घरी? टपालात कधी काय हरवतं, म्हणून विचारते."

मी विचारलं, "मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, नाही बाई. मी होते सोबत. पाकिटात घातला, चिकटवला आणि खिडकीवर दिला. तुला काही पाठवताना ताई झेरॉक्स काढेल होय? बरं झालं म्हणाली. मग माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. औषध वेळेवर घे म्हणाली."

तोवर मी तुझ्यासाठी कारणं शोधत होते. शेवटच्या क्षणी धीर सुटला असेल. समिती बघून घाबरली असेल. आता ते करायची गरज उरली नाही. पोस्टकार्ड लिहितानाच तू ठरवलं होतंस, आणि चिठ्ठी हातात पडल्यावर आणखी कुठे काही उरलं नाही ना, तेवढं तपासून घेतलंस. तेही आईकडून. नोकरीचं मी बघेन, माझे हात शाबूत आहेत. पण आईला तू यात ओढलंस, याची तुला माफी नाही.

काल दुपारपासून ती जेवलेली नाही. आज सकाळी मी चहा नेला तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच पडून म्हणाली, "मी हो म्हटलं असतं, आहे म्हणाले असते घरी एक झेरॉक्स, तर तिने दिली असती का गं चिठ्ठी? माझ्यामुळे झालं का हे?"

मी म्हटलं, "नाही गं आई. तुझा काही संबंध नाही. तिने ती आधीच फाडली होती. फोन तिने फक्त तुझी आठवण आली म्हणून केला."

चौकशीत, पत्रांत, कुठेही मी खोटं बोलले नव्हते. हे पहिलं. आई उठून बसली आणि अर्धा कप चहा प्यायली.

या रविवारी तिला फोन कर. नेहमीच्या वेळी, नेहमीच्या आवाजात. गुडघ्यांची चौकशी कर. तू केला नाहीस, तर तिला कळेल मी खोटं बोलले.